न विचारता घातलेलं पाणी

मी ज्या दवाखान्यात सोळा वर्षं काढली, तिथे बाळंतपणाच्या खोलीत खिडकीच्या फळीवर एनॅमलची एक पांढरी वाटी पालथी घातलेली असे. शेजारी उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली. जन्मलेलं मूल जगत नाही असं दिसलं की आम्ही कॅथलिक नर्सेस त्या वाटीतलं पाणी त्याच्या कपाळावर घालत असू आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने त्याला स्नानसंस्कार देत असू. एरवी हे काम फादरचं, पण मरणाची घाई असेल तर कुणीही करू शकतं. आपसांत आम्ही त्याला नुसतं ‘पाणी घालणं’ म्हणत असू. पाणी घातलेली बहुतेक मुलं तासाभरात जात. त्यांच्या आयांना आम्ही काही सांगत नसू. यात कुणाचं काही बिघडत नाही, असा आमचा समज होता.

शहात्तर साली मी असंच एका मुलीला पाणी घातलं आणि ती जगली. तिची आई माझ्याबरोबर काम करणारी नर्स होती, आणि ती बौद्ध होती. तिला मी आधी विचारलं नाही आणि पुढे नऊ वर्षं सांगितलंही नाही.

दवाखाना अड्याळच्या पुढे होता. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे अजून माणसं कामाला आहेत. चारी बाजूंनी धानाचे बांध, मध्ये मिशनचं आवार. आवारात चर्च, वीस खाटांचा दवाखाना, केरळहून आलेल्या सिस्टर्सचं घर, नर्सेसची क्वार्टर्स आणि एक लांबट हॉल. दिवसातून तीनदा घंटा व्हायची आणि घंटा झाली की हातातलं काम थांबायचं. आसपासच्या गावांत कॅथलिक असं कुणीच नव्हतं, त्यामुळे आवाराच्या आत आम्ही जरा जास्तच कॅथलिक होतो.

मी त्र्याहत्तर साली नगर जिल्ह्यातून तिथे आले. मराठी बोलणारी नर्स हवी म्हणून मला मुद्दाम बोलावलं होतं, आणि पहिले दोन महिने मलाच पेशंटांचं मराठी कळत नव्हतं. ‘मले कसंकसंच होऊन राहिलं’ म्हणजे नक्की कुठे काय होतंय, हे विचारायला मी वॉर्डातल्या आयाला हाक मारायची. तिथली माणसं मला नगरवाली म्हणू लागली.

वर्षभराने दुसरी नर्स आली ती पवनीची, म्हणून ती पवनीवाली. आमच्यातली ती पहिली बिगर-कॅथलिक. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, उंच, हाताला जड पण शीर अचूक शोधणारी. तिच्या वडिलांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. क्वार्टरमध्ये सामान लावण्याआधी तिने भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातला फोटो लावला. स्टोव्ह नंतर पेटवला.

आमच्याकडे ड्यूटी सुरू होण्याआधी वॉर्डात मारियामातेच्या मूर्तीपुढे सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना म्हणायची पद्धत होती. पवनीवाली उभी राहिली, हात जोडले, पण तोंड मिटलेलं. तिसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरने तिला थांबवलं. मोठी सिस्टर म्हणजे आमच्या सगळ्यांची मुख्य. साठीची, ठेंगणी, मराठी-हिंदी एकात एक घालून बोलणारी.

“तू प्रेयरमध्ये बोलत नाही?”

“उभी राहीन, सिस्टर. हातही जोडीन. पण तोंडानं बोलणार नाई. तोंडानं बोललं का ते खरं करा लागते.”

सिस्टरने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. “ठीक है. गप्प उभी रहा. बाकी सब नींद में बोलते हैं.” हे बाकी सब म्हणजे आम्ही.

मला ते आवडलं नव्हतं. मला ती आवडत होती, पण तिचं ते ताठ उभं राहणं आवडत नव्हतं. त्यात एकदा तांदूळ निवडताना ती सहज म्हणाली, “ताई, तुमच्या आडनावावरून वळखलं मी तुमाले. तुमच्या आजानं पाणी घेतलं, माह्या बापानं दीक्षा घेतली. पण दोघाईनं सोडलेलं घर एकच हाये.”

ते खरं होतं. माझा आजोबा ज्या वस्तीतून उठून मिशनकडे गेला, ती आणि तिच्या वडिलांची वस्ती सारखीच. पण मी आवारात सगळ्यांना ‘आम्ही पिढ्यानपिढ्यांचे कॅथलिक’ असं सांगून ठेवलं होतं. मी म्हणाले, “आमचं तसं नाही.” ती म्हणाली, “बरं, नसन,” आणि पुढचा खडा वेचला.

तिच्यामुळे दवाखान्यात एक बदल झाला. आसपासच्या गावांतल्या बौद्ध वस्तीतल्या बायका पूर्वी अगदीच जिवावर बेतल्याशिवाय आमच्याकडे येत नसत. आता येऊ लागल्या. दारातूनच “जयभीम, बाई” असा आवाज यायचा आणि इंजेक्शनची सुई उकळत ठेवून ती आतून उत्तर द्यायची. एकदा अशीच एक म्हातारी शेवटच्या घटका मोजत होती. पवनीवालीने तिच्या कानाशी वाकून विचारलं, “आजी, त्रिशरण म्हणू काय?” म्हातारीने पापण्या हलवल्या. तेवढ्यावर ती म्हणाली नाही. पुन्हा विचारलं. म्हातारीने स्पष्ट मान हलवली, तेव्हा कुठे तिने खालच्या आवाजात सुरुवात केली. भिंतीवर क्रूस होता. मोठी सिस्टर ट्रे हातात धरून दाराशीच थांबली आणि संपेपर्यंत आत आली नाही. मी समोरच्या खाटेवर सलाईन लावत होते. दोनदा विचारलेलं मी ऐकलं होतं. नंतर मी जे केलं ते हे ऐकून-पाहून केलं, म्हणून लिहिलं.

बुद्धपौर्णिमा तिने पहिल्या वर्षी एकटीने खोलीत केली. दुसऱ्या वर्षी वस्तीतल्या बायका पांढरी लुगडी नेसून आल्या आणि खोलीत मावेनात, म्हणून कडुनिंबाखाली बसल्या. मे महिना. संध्याकाळचे पाच वाजले तरी जमीन तापलेली. मोठ्या सिस्टरने व्हरांड्यातून पाहिलं आणि मला म्हणाली, “हॉल रिकामा है ना? उन्हात का बसवलं?”

“हॉलमध्ये क्रूस आहे, सिस्टर,” मी म्हणाले.

पवनीवाली मागेच उभी होती. “असू द्या ना, ताई. त्याले काय तरास होते? पंखा त सगळ्याईलेच लागते.”

सिस्टर मोठ्याने हसली. स्वयंपाकघरातला आमचा कॅथलिक आचारी हसला नाही. बसवायचं कसं, हा प्रश्न माझ्यावर आला, कारण सतरंज्या माझ्या ताब्यात. पूर्वेच्या भिंतीवर क्रूस. पश्चिमेच्या भिंतीशी टेबल लावून तिथे बुद्धाची तसबीर ठेवली. पण टेबलाकडे तोंड केलं की क्रूसाकडे पाठ होणार. मी सतरंज्या आडव्या घातल्या. बायका उत्तरेकडे तोंड करून बसल्या, पाठ कुणाकडेच नाही. “नगरवालीचं डोकं!” म्हणून पवनीवालीने सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून दर वर्षी हॉल, आडव्या सतरंज्या आणि खीर हे ठरूनच गेलं. खिरीची पातेली सिस्टर्सच्या घरून यायची. नाताळात पवनीवाली आमचा कागदी तारा बांधायला शिडीवर चढायची, कारण उंच तीच होती.

तिचं लग्न जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका मास्तरांशी झालं होतं. दोन मुलं पोटातच गेली. तिसऱ्या वेळी तिने नऊ महिने काढले आणि शहात्तरच्या नोव्हेंबरात, धानाची कापणी चालू असताना, दुपारी दोन वाजता आमच्याच दवाखान्यात बाळंत झाली. डॉक्टरीणबाई भंडाऱ्याला गेल्या होत्या. मोठी सिस्टर ओपीडीत. खोलीत मी आणि आया.

मुलगी निळी आली. रडली नाही. नाळ मानेभोवती होती. मी नाकातोंडातलं ओढून काढलं, तळपायांवर टिचक्या मारल्या, तोंडाला तोंड लावून हवा दिली. छाती एकदा हलायची, मग थांबायची. मोठ्या सिस्टरचा नियम होता: पहिले सांस, बाद में पानी. मी नियम पाळला. चार मिनिटं झाली असतील. मग मी वाटी सुलटी केली, पाणी ओतलं आणि तिच्या कपाळावर घालून ते शब्द म्हटले. नाव द्यावं लागतं. सुचलं ते दिलं, माझ्या आईचं. आणि पुन्हा हवा द्यायला वाकले.

पवनीवाली तीन हातांवर पडलेली होती. थकलेली होती, पण शुद्धीवर होती. मला दोनदा म्हणाली, “ताई, काय झालं? बोला ना वो.” माझी तिच्याकडे पाठ होती. मी म्हणाले, “थांब जरा.”

दोन मिनिटांनी मुलगी रडली. पाण्यामुळे नव्हे. हवेमुळे. नर्स म्हणून मला हे तेव्हाही माहीत होतं. पण मनातून मी ते पाण्याच्याच खात्यावर टाकलं.

संध्याकाळी मी मोठ्या सिस्टरला सांगितलं. सांगावंच लागतं. मूल जगलं तर फादरच्या पुस्तकात नोंद होते. मला वाटलं, ती खूश होईल. तिने चष्मा काढला.

“आई बेहोश होती?”

“नाही.”

“मग विचारलं का नाही?”

“वेळ नव्हता, सिस्टर.”

“तिला ‘थांब’ बोलायला वेळ होता ना?” आयाने तिला सगळं सांगितलं होतं. मग ती म्हणाली, “नोंद मला करावी लागेल. पण तिला तू सांग. आज नको. बच्ची दूध पिऊ दे. पण तूच सांग, मी नाही.”

मी हो म्हणाले. मुलगी आठवड्याभरात दूध पिऊ लागली. मी सांगितलं नाही.

कारण सोपं होतं. पवनीवाली सगळ्यांना सांगत सुटली होती की नगरवालीनं माह्या पोरीले जीव देला. नाव ठेवायच्या दिवशी तिने मला वस्तीत नेलं, पुढे बसवलं, मुलीला पहिल्यांदा माझ्या मांडीवर दिलं. मास्तर माझ्या पाया पडायला वाकले, मी त्यांना धरलं. अशा वेळी कोण सांगेल? पुढच्या महिन्यात सांगू, असं ठरवलं. पुढच्या महिन्यात मुलीला खोकला झाला. नंतर मला बदलीची भीती होती. त्यानंतर आता इतक्या उशिरा कसं सांगायचं, हेच कारण झालं. मोठ्या सिस्टरने दोन वर्षं मला अधूनमधून विचारलं, “बोललीस?” मी एकदा “हो” म्हणाले. तिने पुन्हा विचारलं नाही.

आणि नुसतं लपवलं असतं तरी एक वेळ ठीक. मी मुलीवर हक्क धरून बसले. तिला रविवारी फुलं दाखवायच्या निमित्ताने चर्चमध्ये नेत असे. दारातल्या पवित्र पाण्यात ती बोटं बुडवायची, मी थांबवत नसे. मनात तिला माझ्या आईच्या नावाने हाक मारत असे. पवनीवाली पाहायची आणि म्हणायची, “जाऊ द्या, खेळते. मोठी झाल्यावर सोताच्या मनानं ठरवन. आमच्यात जबरदस्ती नाई.” मी मान हलवायची.

त्र्याऐंशी साली मोठी सिस्टर वारली. आवारामागच्या सागाच्या झाडांखाली तिला पुरलं. त्यानंतरच्या पौर्णिमेपासून पवनीवाली हॉलमधली वंदना संपली की एक मेणबत्ती सिस्टरच्या थडग्यावर लावून यायची. “हिनं जागा देली मले,” म्हणायची. “हॉलाची नाई म्हणत. उभं राहाची.”

शहाऐंशीच्या मार्चमध्ये नवे फादर आले. तरुण, नीटनेटके, जुनी पुस्तकं चाळणारे. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या, वयाची मुलं शोधताना त्यांना शहात्तरची नोंद सापडली. त्यांना कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. भर ओपीडीत, दहाबारा बायका बाकावर बसलेल्या असताना, ते पवनीवालीला हसत म्हणाले, “सिस्टर, तुमची मुलगी शिकवणीला येत नाही? तिचा बाप्तिस्मा तर आपल्याकडेच झालाय.” आणि त्यांनी माझ्या आईचं नाव घेतलं.

“ह्या नावाची पोरगी माह्या घरी नाई, फादर.”

त्यांनी पुस्तकच आणलं. तारीख, आईबापांची नावं, ‘मरणाच्या धोक्यात, दवाखान्यात’ आणि कळवणारी म्हणून खाली मोठ्या सिस्टरची सही. पाणी कुणी घातलं, हे लिहिलेलं नव्हतं. पवनीवालीने ते दोनदा वाचलं. मी चार पावलांवर औषधाच्या खिडकीत होते.

तिने वर पाहिलं. “ताई, तुमी होत्या ना वो त्या दिवशी? तुमच्या मांगं येऊन मोठ्या सिस्टरनं केलं काय हे?”

तिला माझ्यावर संशयसुद्धा आला नाही. मी फक्त ‘नाही, सिस्टरने नाही’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हणाले, “मला आठवत नाही. गडबड होती.”

बाकावरच्या बायकांनी ऐकलं. त्यांतली एक म्हणाली, “ह्यासाठीच हॉल देला होता म्हणा ना म्हातारीनं.”

पवनीवालीने पुस्तक मिटून फादरच्या हातात दिलं. आवाज चढवला नाही. “माह्या बापानं नागपूरले जाऊन सोताच्या तोंडानं बोलून सोडलं आन सोताच्या तोंडानं घेतलं. माह्या पोरीचं त तोंडही उघडलं नवतं. तिचं काहून केलं? आन मले काहून नाई इचारलं? मी तिथंच होती. जागी होती.”

फादर गोंधळले. नोंद खोडता येत नाही, असं काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, “खोडू नोका. पण ह्या वर्षीपासून आमची पौर्णिमा इथं होणार नाई. मी अर्ज देतो. सरकारी दवाखान्यात जागा निघाली त जाईन.”

पुढचा दीड महिना मी दवाखान्यात मोठ्या सिस्टरची निंदा ऐकली. वस्तीतल्या बायका येईनाशा झाल्या. एक बाळंतीण पाच मैलांवरच्या दायीकडे गेली आणि ताप घेऊन आठ दिवसांनी आमच्याकडे आली. आचारी म्हणाला, बरं झालं, हॉल मोकळा झाला. पवनीवाली मात्र माझ्याशी जास्तच मायेने वागायची. आपला दोघींचाही विश्वासघात झाला, असं तिला वाटत होतं. डब्यातली भाजी अर्धी मला द्यायची. “मोठ्या सिस्टरले मी देवमाणूस समजत होती, ताई,” म्हणायची. ती भाजी मी खाल्ली. रोज खाल्ली.

एप्रिलच्या शेवटी मोठ्या सिस्टरला जाऊन तीन वर्षं झाली. आम्ही सगळ्या थडग्यावर गेलो. पवनीवाली आवारातच होती, आली नाही. तिच्या मुलीने चाफ्याची फुलं वेचून आणली होती. पवनीवालीने तिला सागाच्या अलीकडेच हाताला धरून थांबवलं आणि फुलं जमिनीवर टाकायला लावली. ते पाहून मी परतताना सरळ तिच्या क्वार्टरला गेले. फार मोठं धैर्य केलं असं नाही. मेलेल्या बाईवर अजून किती दिवस ढकलायचं, याचा मलाच वीट आला होता.

ती कणीक मळत होती. मी दारातूनच बोलले. “पाणी मी घातलं. सिस्टर खोलीत नव्हती. तिने मला त्याच दिवशी सांगितलं होतं, आईला सांग म्हणून. मी नाही सांगितलं.”

ती मळत राहिली. मग हात थांबले.

“तवा मी तुमाले इचारत होती, काय झालं म्हणून.”

“हो.”

“तवाच चाललं होतं हे?”

“हो.”

“आन त्या दिवशी ओपीडीत?”

“घाबरले.”

“कोणाले? मले?” ती हसल्यासारखं करून म्हणाली. मग परातीच्या कडेला हाताची कणीक काढत राहिली. शेवटी म्हणाली, “दीड महिना मी त्या म्हातारीले शिव्या देल्या. माह्या पोरीच्या हातची फुलं फेकाले लावली. ते कोण भरून देईन?”

मी माफ कर म्हणाले.

“माही माफी मंग मांगा. पयले हॉलात सांगा. ज्या बायाईनं म्हातारीले नावं ठेवली, त्याईच्यापुढं. माही पोरगीही बसन तिथं. तिनं तुमच्याच तोंडून आयकलं पायजे, माह्या नाई. तुमी सांगसान त पौर्णिमा हॉलात होईन. नाई त मी अर्ज देल्लाच हाये.”

पौर्णिमेला सतरंज्या मीच घातल्या, आडव्या. निरोप गेला होता, बायका आल्या, पण नेहमीपेक्षा कमी. फादरही येऊन दाराशी खुर्चीत बसले. वंदना झाली. पवनीवालीने माझ्याकडे पाहिलं आणि मी उभी राहिले. मी घरून वाक्यं जुळवून आणली होती. मूल वाचत नव्हतं, आमच्या धर्मात अशी पद्धत आहे, हेतू वाईट नव्हता, अशी. पहिलंच वाक्य अर्धं झालं तशी पवनीवाली बसल्या जागेवरून म्हणाली, “पद्धत नोका सांगू, ताई. केलं काय ते सांगा.”

मग मी तेवढंच सांगितलं. पाणी घातलं ते, तिने विचारलं तेव्हा थांब म्हणाले ते, मोठ्या सिस्टरशी खोटं बोलले ते, आणि ओपीडीत आठवत नाही म्हणाले ते. पाच मिनिटंही लागली नाहीत. म्हातारीला नावं ठेवणारी ती बाई पुढेच होती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

मुलगी आईशेजारी मांडी घालून बसली होती. वेण्या घातलेल्या, पांढरा फ्रॉक. तिने तिथूनच विचारलं, “मंग ते पाणी आता निघते काय?”

“पाणी तवाच वाळलं, बाई,” पवनीवाली म्हणाली. “बस नीट.”

बायका हसल्या. दाराशी फादरसुद्धा हसले. मीही हसले. पण मी कॅथलिक आहे. माझ्या श्रद्धेप्रमाणे ते वाळत नाही. माझं कबूल करणं झालं होतं, सगळ्यांसमोर झालं होतं, आणि त्याच क्षणी माझ्या मनात आलं की पोरगी अजून आमचीच आहे. आजही कधी कधी येतं. याची लाज मला त्या पाण्यापेक्षा जास्त वाटते, कारण पाणी घाईत घातलं होतं, हे घाईत नाही.

फादरनी पुढे पुस्तकात त्या नोंदीच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं की आईबाप बौद्ध आहेत आणि त्यांना विचारलेलं नव्हतं. बाळंतपणाच्या खोलीतली वाटी राहिली, पण नवीन मुख्य सिस्टरने आई शुद्धीवर असेल तर तिला विचारल्याशिवाय वाटीला हात लावायचा नाही, असं सांगितलं. त्यानंतर दोनदा माझ्यावर विचारायची वेळ आली. एक ‘घाला’ म्हणाली. दुसरी आंधळगावकडची शेतकरीण होती, ती म्हणाली, “नोको, बाई.” विचारायला किती वेळ लागतो ते मला तेव्हा कळलं. काहीच लागत नाही.

पवनीवालीने अर्ज परत घेतला. मी एकोणनव्वद साली तिथून निघेपर्यंत ती तिथेच होती, पौर्णिमा हॉलातच होत होती, आणि मेणबत्तीही पुन्हा सागाखाली लागू लागली. आमचं भांडण झालं नाही. ड्यूटी बदलताना ती मला पेशंटचं सगळं नीट सांगायची, एक गोळी राहू द्यायची नाही. फक्त मला ताई म्हणेनाशी झाली. “सिस्टर, तीन नंबरची सलाईन संपत आली.” पेशंट म्हणतात तसं, सिस्टर.

माझ्या शेवटच्या वर्षी पौर्णिमेला माझी दुपार-संध्याकाळची ड्यूटी होती, हॉलात जाता आलं नाही. ज्या ज्या कुणाला जाता आलं नाही, त्यांना तिने खीर पाठवली, मलाही. मुलगी डबा घेऊन आली. आता बारा वर्षांची, आईसारखी उंच. वॉर्डाच्या दारात डबा ठेवून म्हणाली, “आईनं सगळ्याईले देला.”

खीर मी खाल्ली, डबा घासला. आमच्याकडे आणि त्यांच्याकडेही डबा रिकामा परत करत नाहीत. मी क्वार्टरमध्ये उभी राहून फडताळ पाहत राहिले. गूळ होता, नाताळातली खजुराची पुडी होती. खजूर आमच्या सणाचा, तो घालावासा वाटेना. शेवटी दोन मुठी साखर घातली आणि आयाच्या हाती पाठवून दिला. तिने ती साखर वापरली की कुणाला देऊन टाकली, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ड्यूटी बदलताना तिने तीन पेशंटांची माहिती दिली आणि वही माझ्यासमोर ठेवली. मी सही केली.